यंत्रातला हेर आणि गावाची विहीर

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात जऊळका हे गाव आहे. सोयाबीन आणि तूर ही या मुलखाची पिके. या गावातील, किंवा त्याच्यासारख्या कोणत्याही गावातील, शेतकऱ्याचा सरकारशी संबंध आज कशातून येतो, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर एकच आहे : संगणकातून. सातबारा संगणकातून निघतो, पीकविम्याचा अर्ज संगणकातून जातो, १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंदसुद्धा शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करावी अशी व्यवस्था राज्यभर लागू झाली. निराधार वृद्धेच्या पेन्शनपासून विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीपर्यंत सरकारचा प्रत्येक दरवाजा सेवा केंद्रातील एका यंत्रामधून उघडतो. त्या यंत्रावर शेकडो कुटुंबांचे आधार क्रमांक, बँकेच्या पासबुकांची छायाचित्रे आणि अंगठ्याचे ठसे येतात व जातात.

हे यंत्र बिघडले, त्यात व्हायरस शिरला, किंवा त्याहून वाईट म्हणजे टाइप केलेले प्रत्येक अक्षर गुपचूप बाहेर पाठविणारा हेर त्यात येऊन बसला, तर तो दोष कोणाचा? सरकारचे, बँकांचे आणि कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे : ज्याने काळजी घेतली नाही त्याचा. मोबाइलवर येणाऱ्या सूचनांपासून बँकेच्या भिंतीवरील फलकांपर्यंत सर्वत्र हाच उपदेश चालतो. सावध राहा, लिंक उघडू नका, पासवर्ड सांगू नका. उपदेश चुकीचा नाही. परंतु उपदेशाच्या आडून जबाबदारी झटकली जात आहे, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याने ओळखली पाहिजे.

खेड्यातील पिण्याच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. पावसाळ्यात विहिरीचे पाणी दूषित होते, गावात हगवण पसरते. अशा वेळी ग्रामपंचायत असे म्हणू शकत नाही की ज्याला आजार नको असेल त्याने पाणी उकळून प्यावे आणि आमचा त्याच्याशी संबंध नाही. पाणी उकळून प्यावे हे खरेच. पण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणे, पाण्याचे नमुने तपासणे, साथ आली तर औषध पोचविणे ही सार्वजनिक कामे आहेत, हे तत्त्व आपल्या समाजाने मोठ्या किमतीनंतर मान्य केले. ज्या यंत्राखेरीज नागरिकाला आपला हक्क मागता येत नाही, ते यंत्र आता विहिरीसारखेच सार्वजनिक झाले आहे. ते स्वच्छ ठेवणे हे सार्वजनिक काम आहे आणि त्यात जाणूनबुजून विष कालविणे हा सार्वजनिक गुन्हा आहे, मग ते विष चोराने कालविलेले असो वा सत्तेने. प्रस्तुत लेखात आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम हे विष येते कसे व निघते कसे, हे पाहू. आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना हा विषय तंत्रज्ञांचा वाटतो. तो तसा नाही. संगणकात व्हायरस बहुधा तीन वाटांनी येतो. एक वाट फुकट मिळणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅमची. विंडोज अथवा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम विकत घेण्याची ऐपत नसते, म्हणून ‘क्रॅक’ केलेली प्रत टाकली जाते, आणि कुलूप तोडणाऱ्याबरोबर चोरही घरात येतो. दुसरी वाट यंत्रायंत्रांतून फिरणाऱ्या पेनड्राइव्हची. तिसरी वाट ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फायलीची. अलीकडे ‘पीएम किसान’, वाहनाचे चलान, लग्नपत्रिका अशा नावांनी एपीके फायली फिरतात. एपीके म्हणजे पत्रिका किंवा फोटो नव्हे. तो मोबाइलमध्ये बसणारा प्रोग्रॅम असतो. तो बसला आणि त्याला संदेश वाचण्याची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी मालकाच्या अगोदर चोराच्या हाती पडतो.

संशय आला तर सर्वप्रथम यंत्राचे इंटरनेट तोडावे. हेराचे बळ त्याच्या बाहेर जाण्याच्या वाटेत असते. ती वाट बंद झाली की तो पाहू शकेल, पण कळवू शकणार नाही. दुसरे, त्या यंत्रावरून बँकेचे कोणतेही काम करू नये आणि पासवर्ड बदलू नयेत. येथे पुष्कळांचा घात होतो. घाबरून त्याच यंत्रावर नवा पासवर्ड टाकला की तो नवा पासवर्डही चोराला आयता मिळतो. पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. तिसरे, तपासणी. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा तपासनीस मुळातच असतो. त्यातील ‘ऑफलाइन स्कॅन’ विंडोज सुरू होण्याअगोदरच तपासणी करतो. चालू यंत्रात दडून बसणारा व्हायरस अशा वेळी सापडण्याची शक्यता अधिक असते. एका वेळी दोन अँटीव्हायरस बसवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. चौथे, आपण न टाकलेले प्रोग्रॅम, ब्राउझरला चिकटलेली अनोळखी एक्स्टेन्शन्स आणि दुरून यंत्राचा ताबा घेऊ देणारी साधने शोधून काढून टाकावीत.

इतके करूनही लक्षणे राहिली तर महत्त्वाची कागदपत्रे वेगळी काढून, तपासून, यंत्र फॉरमॅट करावे आणि अधिकृत प्रतीवरून विंडोज नव्याने टाकावे. त्या यंत्राला लागलेले सर्व पेनड्राइव्हही तपासावेत, नाहीतर गेलेला रोग दुसऱ्या दिवशी परत येतो. मोबाइलच्या बाबतीत, तो सेफ मोडमध्ये सुरू करावा, संशयित ॲपला दिलेले ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ हे अधिकार काढून घ्यावेत व मग ते ॲप काढावे. न जमल्यास फॅक्टरी रीसेट करावा. पैसे गेले असल्यास एक क्षणही न दवडता बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

आता या प्रत्येक पायरीपाशी थांबून विचार करा. अधिकृत विंडोज घ्यावे, पण पैसे कोठून आणावयाचे? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी नियमितपणे मोफत मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबविल्या. जुनी यंत्रे पुष्कळदा विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणजे चालू स्थितीतले यंत्र मोडीत काढून नवे घ्या, असा कंपनीचा आदेश निघतो आणि तो न मानणाऱ्याच्या पदरी असुरक्षितता येते. स्वच्छ अशा दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावा, पण ज्या घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाइल आहे त्यांनी दुसरे यंत्र कोठून आणावे? सेवा केंद्र चालविणारा तरुण कमिशनवर जगतो. यंत्र दोन दिवस बंद ठेवले तर त्याची रोजी बुडते आणि अर्जाची मुदत संपत आलेल्या शेतकऱ्याचा अर्जही राहतो. म्हणून बाधित यंत्र तसेच चालू राहते. याला निष्काळजीपणा म्हणणे ही गरिबीची थट्टा आहे.

आणि ज्यांच्यापाशी पैसा व तज्ज्ञ दोन्ही आहेत, त्यांचे तरी काय होते? १९०६ साली स्थापन झालेली पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही देशातील जुन्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून चोरांनी पैसे देण्याची परवानगी देणारी एक बनावट यंत्रणाच उभी केली. ११ ऑगस्टला २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळविले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. शंभर वर्षांहून जुन्या बँकेला जे रोखता आले नाही, ते रोखण्याची जबाबदारी खेड्यातील खातेदारावर टाकण्यात कोणता न्याय आहे?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला काही संरक्षण दिले, हे मान्य केले पाहिजे. दोष बँकेचाही नसेल आणि ग्राहकाचाही नसेल, व ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर नुकसान त्याच्यावर पडू नये, असे त्यात म्हटले होते. परंतु त्याच परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, हे नियमात खरे असले तरी इंग्रजी न येणाऱ्या खातेदाराला बँकेच्या टेबलासमोर तो नियम कोण वाचून दाखविणार? मालवेअरने चोरलेला ओटीपी आणि माणसाने स्वतः सांगितलेला ओटीपी यांतील फरक त्याने कसा पटवून द्यावा?

सरकारला हे कळत नाही असे नाही. केंद्र सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेच्या अखत्यारीतील हे केंद्र बाधित यंत्रांचा शोध घेते आणि ती साफ करण्याची साधने मोफत उपलब्ध करून देते. अशा साधनांसाठी पुण्याच्या क्विक हील कंपनीनेही हातभार लावला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून सुरुवात केली आणि बंधू संजय यांनी लिहिलेल्या अँटीव्हायरसवर ही कंपनी उभी राहिली. ज्ञान येथे आहे, कारागीर येथे आहेत, सरकारी संस्थाही आहे. उणीव एवढीच की ही व्यवस्था संकेतस्थळापाशी येऊन संपते. ज्याला संकेतस्थळ शोधता येते, इंग्रजी वाचता येते, साधन उतरवून चालविता येते, त्याच्यासाठी ती आहे. ब्लीचिंग पावडरचे पोते जिल्ह्याच्या गोदामात ठेवून ज्याला हवे त्याने घेऊन जावे असे सांगण्यासारखेच हे आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये ज्या वाशीम जिल्ह्याचा समावेश आकांक्षित, म्हणजे सरळ भाषेत मागास, जिल्ह्यांत केला, तेथे तालुक्याच्या गावी हे काम करणारा एक सार्वजनिक तंत्रज्ञ असू नये?

येथवर चोरांचा विचार झाला. परंतु विहिरीत विष कालविणारा हात सत्तेचाच असेल तर?

इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे ‘पेगासस’ हे स्पायवेअर कंपनीच्याच म्हणण्यानुसार केवळ सरकारांना विकले जाते. एप्रिल व मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमार्फत जगातील सुमारे १,४०० लोकांच्या फोनवर त्याचा मारा झाला. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. ज्यांना व्हॉट्सॲपने सावध केले त्यांत भारतातील पत्रकार, वकील आणि कार्यकर्ते होते. नागपूरचे वकीलही होते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने या प्रकरणी एनएसओला दोषी धरले. आपल्याकडे काय झाले? २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली आणि राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणून सरकारला वाटेल ते करण्याची मुभा मिळत नाही, अशा आशयाचे बजावले. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले की तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत मालवेअर आढळले, ते पेगाससच असल्याचे निर्णायकपणे म्हणता येत नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. ज्या सरकारने ‘आम्ही हे स्पायवेअर घेतलेले नाही’ एवढे एक वाक्य शपथेवर लिहून देण्याचे टाळले, त्याच्या सावधगिरीच्या उपदेशाला काय किंमत द्यावयाची?

महाराष्ट्राच्या भूमीवरील दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झालेल्यांत रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग होते. त्यांच्या संगणकांतून मिळालेली पत्रे हा खटल्याचा मुख्य आधार मानला गेला. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षाच्या वतीने संगणकांच्या प्रतींची तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ च्या तिच्या अहवालाप्रमाणे विल्सन यांच्या संगणकात जून २०१६ मध्ये ई-मेलच्या जोडपत्रातून ‘नेटवायर’ हे मालवेअर घुसविण्यात आले, ते बावीस महिन्यांहून अधिक काळ तेथे होते, आणि खटल्यात दाखविलेली दहा पत्रे त्याच वाटेने एका लपविलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली गेली. गडलिंग यांच्या संगणकाबाबतही संस्थेने असाच निष्कर्ष काढला. ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच मरण पावलेल्या वृद्ध फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबाबतचा अहवाल त्यांच्या मृत्यूनंतर, डिसेंबर २०२२ मध्ये आला. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत; पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला मालवेअर आढळले नाही, असे तिचे म्हणणे आहे. हे विष कोणी कालविले त्याचे नाव आर्सेनलच्या अहवालांत नाही, आणि निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. परंतु विल्सन यांना जामीन मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षे माणूस गजाआड राहतो आणि त्याच्या यंत्रात कोणी काय ठेवले याचा निकालच लागत नाही, ही स्थिती कोणत्याही सुसंस्कृत न्यायव्यवस्थेला लाजिरवाणी आहे.

या प्रकरणाचा एक धडा वर सांगितलेल्या साफसफाईला मुरड घालणारा आहे. शेतकऱ्याच्या यंत्रातील व्हायरस ताबडतोब काढावा. परंतु कार्यकर्त्याच्या, वकिलाच्या, पत्रकाराच्या यंत्रात हेर सापडला तर घाईने फॉरमॅट मारू नये. फॉरमॅटबरोबर हेराच्या पावलांचे ठसेही पुसले जातात. यंत्र बंद करून बाजूला ठेवावे, जाणकाराकडून डिस्कची हुबेहूब प्रत करून घ्यावी आणि काम दुसऱ्या यंत्रावर चालू करावे. पोलिसांनी यंत्र जप्त केल्यास जागीच ‘हॅश व्हॅल्यू’ मागावी. ही आकड्या-अक्षरांची ओळ म्हणजे त्या क्षणीच्या डिस्कवरील मोहोर होय; नंतर एक अक्षर बदलले तरी ती बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही हॅश व्हॅल्यूची नोंद अपेक्षित आहे. आर्सेनलला तपासणी करता आली ती केवळ बचाव पक्षाला डिस्कच्या प्रती मिळाल्या म्हणून, हे कोणी विसरू नये.

आमच्या चळवळीला सरकारी हेरगिरी नवी नाही. आणीबाणीत पत्रे फोडली गेली, मधू लिमये आणि मृणाल गोरे यांच्यासारखे नेते तुरुंगात गेले. तथापि त्या हेराला पाकीट फोडावे लागे. तो पाकिटात स्वतः पत्र लिहून ठेवून ते तुमच्या हस्ताक्षरात असल्याचे सहजासहजी भासवू शकत नसे. आजचा हेर वाचतोही आणि लिहितोही. लोकलज्जेतही फरक पडला आहे. १९८८ साली कर्नाटकात विरोधकांचे फोन ऐकले गेल्याच्या आरोपावरून मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला. आज ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस अनेक विरोधी नेत्यांना त्यांच्या आयफोनवर सरकारपुरस्कृत हल्ल्याचा इशारा ॲपलकडून येतो; त्याची चौकशी सर्ट-इनकडे जाते; आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सर्ट-इनला माहितीच्या अधिकारातून वगळण्यात येते. जी संस्था आमची यंत्रे स्वच्छ करणार, तिने काय पाहिले हे विचारण्याचा अधिकारच काढून घेतला गेला.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की देशाचे शत्रू आहेत, त्यांच्यावर पाळत ठेवणे भाग आहे. आम्ही ते नाकारीत नाही. घातपाताचा कट रचणाऱ्यावर लक्ष ठेवणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. पण ज्याच्या घराची झडती घ्यावयाची त्याच्यासाठी कायद्याची रीत आहे, पंच आहेत, पंचनामा आहे. यंत्राच्या झडतीला यांपैकी काहीच का नसावे? पाळतीची परवानगी गृहसचिवाने द्यावयाची आणि तिचा आढावा अन्य सचिवांनी घ्यावयाचा, ही सध्याची पद्धत म्हणजे कुंपणाने कुंपणाची साक्ष काढणे आहे. दुसरा युक्तिवाद सामान्य माणसाचा : माझ्यापाशी लपविण्यासारखे काय आहे? लपविण्यासारखे नसेल, पण गमावण्यासारखे पुष्कळ आहे. खात्यातील विम्याची रक्कम आहे, जमिनीचा उतारा आहे, आणि उद्या मोर्चात उभे राहिल्यावर आपल्या नावावर भलतेच पत्र निघू नये अशी इच्छा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, तो काही केवळ मुंबईच्या धनिकांसाठी दिलेला नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक तालुक्यात यंत्रे व मोबाइल मोफत तपासून साफ करून देणारे सार्वजनिक केंद्र असावे आणि सेवा केंद्रांच्या यंत्रांची ठराविक काळाने तपासणी व्हावी. ती यंत्रे मुक्त प्रणालीवर, सरकारी खर्चाने, मराठीतून चालविता येतील अशी व्यवस्था करावी. मालवेअरने गेलेल्या पैशाबाबत संशयाचा फायदा खातेदाराला मिळावा. सर्ट-इन पुन्हा माहिती अधिकाराच्या कक्षेत आणावे. न्यायाधीशाच्या लेखी परवानगीवाचून कोणत्याही नागरिकाच्या यंत्रात शिरण्यास बंदी असावी, आणि यंत्रात काही लिहिण्याची क्षमता असलेले साधन वापरण्यास तर संपूर्ण बंदी असावी. जप्त यंत्राची प्रत व हॅश व्हॅल्यू आरोपीला जागीच मिळावी.

मागण्या करून थांबणे ही आपली रीत नव्हे. साथींनी आपापल्या तालुक्यात आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडावे, संगणक जाणणाऱ्या दोन तरुणांना बरोबर घ्यावे, आणि येईल त्याचा मोबाइल त्याच्या डोळ्यांदेखत तपासून द्यावा. मोबाइल हातात घेताना त्यातील खासगी काही पाहू नये, हे पथ्य कटाक्षाने पाळावे. किती यंत्रे बाधित निघाली, किती जणांचे पैसे गेले, बँकेने काय उत्तर दिले, याची नावे वगळून नोंद ठेवावी आणि ती घेऊन तहसील कचेरीवर जावे. पक्षाच्या कार्यालयातील संगणकापासून सुरुवात केली तर अधिक बरे. चोरटी विंडोज आणि चार जणांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड ही स्थिती आपल्याकडेही विरळा नाही. जऊळक्याच्या शेतकऱ्याला यंत्रापुढे बसविले ते सरकारने. ते यंत्र त्याच्याविरुद्ध साक्ष देणार नाही, याची हमी सरकारकडून घेणे हे आपले काम आहे.